बायकोचं न ऐकणारा

नूक, ४ ऑक्टोबर १९८३

ताई,

लहानपणी मी सगळ्यांना नावं ठेवायचो म्हणून तू माझे कान उपटायचीस. आता ऐक. नावं ठेवायचा मला पगार मिळतो.

इथल्या नकाशाच्या कचेरीने आपली खाडी माझ्या गळ्यात बांधली आहे. आजोबांच्या लहानपणी तो डॅनिश कॅप्टन राउन्सगोर जहाज घेऊन आत शिरला आणि त्याच्या सफरीला हातभार लावणाऱ्या प्रत्येकाच्या नावाने एकेक डोंगर करून परत गेला. आपल्या बोरांच्या दरीला त्याने कुठल्याशा बिस्किटवाल्याचं नाव दिलंय. आता डॅनिशांच्या जागी आपलं घरचं सरकार आलं, तेव्हा ती सगळी नावं पुसायची आणि आपली घालायची असं ठरलं आहे. त्यासाठी एक समिती आहे. तिचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त धर्मशिक्षक, इतके सोवळे की खुर्चीत बसतानासुद्धा संकोचतात.

तर मला खाडीतली सगळी नावं पाठव, मुखापासून थेट आतपर्यंत. मला शाळेसाठी पूर्व किनाऱ्यावरून इकडे पश्चिमेला उचलून आणलं तेव्हा मी एवढासा होतो, मला फक्त बोरं कुठे मिळतात तेवढं आठवतं. विशेषतः मानेचं नाव हवंय. खाडी जिथे एकदम बारीक होते ती मान. तिथे आत्ता 'विल्हेल्मिनाचा दरवाजा' लिहिलंय. विल्हेल्मिना ही कॅप्टनची मावशी होती म्हणे.

तुझी भावजय बिबियान तुला आठवणीने विचारते. ती पश्चिमेची, तुझी पत्रं वाचताना तिला अजून अर्धंच कळतं. म्हणते, "तुमच्या पूर्वेला माणूस मेला की त्याच्याबरोबर शब्दसुद्धा पुरता काय रे?" मी म्हटलं, आमच्याकडे तशीच रीत आहे.

एनोस


वस्तीवरून, २२ नोव्हेंबर

शहाण्या एनोसला,

सरकारला तुझ्याहून शहाणा कोणी मिळाला नाही हे वाचून बरं वाटलं नाही. तरी लिहिते. पेन्सिल घे.

मुखाशी जो सुटा खडक आहे तो 'टोपी दे'. तिथला वारा टोपी मागतो आणि घेतोच. आत शिरलं की उजव्या हाताची गोल टेकडी म्हणजे 'म्हातारीचं ढुंगण'. तुझ्या कॅप्टनने तिला एका उमरावाचं नाव दिलंय, तो दिसायला कसा होता कोण जाणे. समोरच्या किनाऱ्यावर 'सासू उतरवली ती जागा'. कोणाची सासू ते विचारू नकोस, तिची नातवंडं दुकानात माझ्यापुढे रांगेत उभी असतात. पुढे 'पादरा कडा'. वरून बर्फाचा वारा उतरला की तो कडा असा वाजतो की चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना सगळे एकमेकांकडे बघतात. मग मान. मानेपलीकडे खाडी पुन्हा ऐसपैस होते, तिथे 'ओकारी' हिमनदी येऊन मिळते. ती वर्षभर खाते आणि उन्हाळ्यात डोंगराएवढे बर्फाचे गोळे बाहेर टाकते. अगदी शेवटी 'पोटभर', म्हणजे तुझी बोरांची दरी. बिस्किटवाल्याला सांग, तिथे त्याचं काही चालत नाही.

मानेचं नाव मी सांगणार नाही. मीच काय, वस्तीतलं कोणी सांगणार नाही. आम्ही आता त्या जागेला नुसतं 'पळतं' म्हणतो. माझा योनातान तिथेच बुडाला हे तुला माहीत आहे.

थंडी बरी आहे. कुत्री बरी आहेत. त्याच्या बर्फगाडीची सगळ्यात पुढची कुत्री, मॅडम, ती एकटी परत आली होती ना, ती अजून दाराकडे तोंड करून झोपते. मला तिचा राग येतो आणि मी तिला जास्तीचं मांस घालते.

केतुरा


नूक, १८ डिसेंबर

ताई,

तुझी यादी समितीपुढे वाचली. 'म्हातारीचं ढुंगण' आल्यावर अध्यक्षांना खोकल्याची उबळ आली. 'पादरा कडा' आल्यावर ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. शेवटी म्हणाले, "लोकांचं आहे ते लोकांचं, पण अक्षर जरा बारीक ठेवा." सगळी नावं मंजूर झाली.

राहिली मान. 'पळतं' हे काय नाव झालं? कोण पळतं? काय पळतं? अध्यक्ष म्हणतात, नकाशावर नुसतं क्रियापद टांगता येणार नाही. ताई, तुला त्या जागेचं दुःख आहे हे मला समजतं. पण जागा कोरी राहिली तर तिथे मावशी विल्हेल्मिना कायमची बसेल. एक नाव तर सांगायचं आहे. मन घट्ट कर.

आणि आता बस, उभी असशील तर. बिबियानला दिवस गेलेत. जूनमध्ये. सासूबाईंनी आत्तापासून नाव ठरवून ठेवलंय, त्यांचा भाऊ वारला त्याचं, एगोन. बिबियान मान हलवते. मी आपला कॉफी करतो.

एनोस


वस्तीवरून, ३ फेब्रुवारी १९८४

एनोस,

तुझं पत्र वाचून मी बाहेर जाऊन कुत्र्यांना ओरडून सांगितलं. माणसांना नंतर सांगितलं. मला किती आनंद झाला ते लिहून कळणार नाही.

पण तू अगदीच पश्चिमेचा झालास रे. मला काय दुःखाने नाव आठवत नाही असं वाटलं? अरे, मेलेल्याचं नाव नवं मूल अंगावर घेईपर्यंत, म्हणजे तो माणूस त्या मुलात परत येईपर्यंत, तोंडातून काढायचं नाही. खुणेनेही सांगायचं नाही. आई कोल्ह्याला 'झुपकेवाला' का म्हणायची? कारण आधीचा शब्द एका म्हाताऱ्याचं नाव होतं आणि म्हातारा गेला होता. माझ्या नवऱ्याचं नाव योनातान नव्हे. ते पाद्र्याने पाणी शिंपडून दिलेलं, ते कागदावर लिहायला आणि सरकारी दवाखान्यात गोळ्या घ्यायला. त्याचं खरं नाव, ज्या नावाने मी त्याला हाक मारायची, तेच मानेचं नाव आहे. तो तिथेच जन्मला होता, वाटेत, बोटीत. जिथे जन्मला तिथेच बुडाला, एवढी सोय कोणाला मिळत नाही.

तो गेल्यापासून वस्तीत एकही पाळणा हलला नाही. तरण्या मुली सगळ्या तुमच्याकडे शिकायला गेल्या आणि तिकडेच राहिल्या. त्याचं नाव दोन हिवाळे त्या बर्फावर उघडं कुडकुडत उभं आहे. मला त्याची आठवण येते एनोस, आणि मला त्याला साधी हाकही मारता येत नाही. भांडायचं झालं तरी कोणाशी भांडू?

तेव्हा त्याचं नाव तुझ्या बाळाला दे. मुलगा होवो मुलगी होवो, नाव लंगोट उचलून बघत नाही. माझं तुझ्याकडे दुसरं काही मागणं नाही. आता तू विचारशील, नाव काय? ते मला सांगता येत नाही. तू शिकलेला आहेस, बघ.

नकाशावर काही लिहायलाच हवं असेल तर लिही 'बायकोचं न ऐकणारा'. त्या सकाळी मी त्याला सांगत होते, पाठीवरून जा. मानेला वळसा घालून जमिनीवरून जी वाट जाते ना, ती आमची पाठ. म्हणाला, "तेवढा चढ कोण चढणार? कुत्री दमतात." पालथ्या घड्यावर पाणी.

केतुरा


नूक, २० मार्च

ताई,

मी डोकं खाजवून खाजवून टक्कल पाडून घेतलं. 'पळतं' म्हणजे ससा? रेनडिअर? बिबियान म्हणते, पोराचं नाव ससा ठेवलंस तर मी माहेरी जाते. तिचं माहेर रस्त्यापलीकडे आहे, पण तरी.

सासूबाई ठाम आहेत. एगोनसाठी लोकरीचा स्वेटरसुद्धा विणून झाला. त्यांना मी म्हटलं, माझ्या ताईच्या मनात दुसरं नाव आहे. त्या म्हणाल्या, कोणतं? मी म्हटलं, माहीत नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा कॉफी करायला गेलो.

एक गंमत मात्र झाली. तुझं ते रागाने लिहिलेलं नाव मी समितीत सहज वाचून दाखवलं आणि अध्यक्षांचे डोळे भरून आले. म्हणाले, "पिलात! येशूला सोडून द्या असं पिलाताला त्याच्या बायकोने निरोप धाडून सांगितलं होतं, त्याने ऐकलं नाही. त्या दूरच्या लोकांची श्रद्धा बघा!" एकमताने मंजूर. मला तोंड उघडायची संधीच मिळाली नाही. खरं सांगायचं तर मी घेतलीही नाही.

कच्चा नकाशा सोबत पाठवतोय. दुकानात लाव, चुका असतील तर लोकांना सांगू दे. उन्हाळ्यात पक्का छापतील.

एनोस


वस्तीवरून, २५ एप्रिल

एनोस,

नकाशा दुकानात लागला त्या दिवशी दुकानदाराने धंदा बंद ठेवला, इतकी गर्दी होती. 'बायकोचं न ऐकणारा' वाचून म्हातारे डोळे पुसेपर्यंत हसले. मीही हसले. घरी येऊन रडले, ते वेगळं. सगळ्या पुरुषांनी आपापल्या बायकांना विचारलं की फक्त एकाचंच नाव का छापलं.

पण पुढचं ऐक. नवा पाद्री आलाय, लार्सेराक, तुमच्या पश्चिमेचा, पोरगेला आहे, मिशी अजून ठरलेली नाही. त्याला कोणीतरी तुझ्या अध्यक्षांनी लावलेला पिलाताचा अर्थ सांगितला. झालं! गुड फ्रायडेच्या प्रवचनाआधी त्याला ती पवित्र जागा डोळ्यांनी बघायची होती. नकाशा खिशात घालून स्की लावून निघाला. आमच्यापैकी कोणाला विचारलं नाही, नकाशा होता ना.

मी पाठीच्या वाटेवर होते, कुत्री सोडून सीलचं जाळं साफ करत. बघते तर हा खाली सरळ मानेकडे चाललाय. तिथला बर्फ वरून कसा पांढराशुभ्र दिसतो आणि खालून किती पातळ असतो, तुला आठवत नसेल. मी जीव तोडून ओरडले, "पळतं! पळतं!" वस्तीतल्या लहान पोरालाही कळलं असतं. पण त्याला ऐकू आलं, "पळ! पळ!" त्याने मागे वळून पाहिलं, मॅडम मोकळी होती, ती त्याच्याकडे धावत सुटलेली. त्याला वाटलं अस्वल. आणि तो पळाला, एनोस. मानेच्या बरोबर मधोमध पळाला.

काखेपर्यंत आत गेला. मी धावत खाली आले, पालथी झोपून चामड्याची दोरी फेकली, दुसरं टोक कुत्र्यांना बांधलं आणि मॅडमला हाक दिली. तिने ओढला त्याला. माझ्या माणसाला तिला ओढता आलं नव्हतं, याला तिने ओढला. स्की आणि विजार खाडीने ठेवून घेतल्या. पाद्र्याचं जे काही होतं ते त्या दिवशी देवाने आणि मी पाहिलं. दोघांनाही काही विशेष वाटलं नाही.

घरी आणून स्टोव्हपाशी बसवला. शेजारपाजार जमला. ब्लँकेटमध्ये दात वाजवत तो मला म्हणाला, "अहो बाई, तिथे तर __ आहे! सरळ तसं ओरडायचं ना, मी जागच्या जागी थांबलो असतो!"

ती जागा मी कोरी सोडली आहे. त्याने सोडली नाही. त्याने तो शब्द भर घरात उच्चारला, कॉफी मागावी तसा. म्हाताऱ्या आसानेने हातातला कप खाली ठेवला. मी दोन हिवाळ्यांनी ते नाव ऐकलं आणि बाहीने डोळे-नाक पुसत राहिले. पाद्र्याला वाटलं मला सर्दी झाली.

मी विचार करतेय एनोस. ते नाव माझ्या दातांपर्यंत आलं होतं आणि मी ते गिळलं. ओरडले असते तर पोरगा पाण्यात गेला नसता. उद्या दुसरा कोणी जाईल. नावाला घर मिळालं नाही तर मला तोंड उघडता येणार नाही आणि तोंड उघडलं नाही तर माणसं बुडतील. मला भीती वाटते. असं कधी लिहिलं नव्हतं तुला, आता लिहिते.

केतुरा


नूक, १५ मे

ताई,

तुझं पत्र बिबियानने मोठ्याने वाचलं. पोट आता एवढं आहे की पत्र त्यावर ठेवूनच वाचते. पाद्र्याच्या विजारीला ती इतकी हसली की मला सुईणीला बोलवावं लागेल असं वाटलं. पुढे ती कोरी जागा आली. ती थांबलीच नाही ताई. पश्चिमेचा माणूस तिथे जे म्हणेल तेच तिच्या तोंडून आपसूक निघालं आणि वाक्य पुरं झालं. मग तिने तोंडावर हात ठेवला.

मी तो शब्द इथे लिहीत नाही. एवढंच लिहितो की आमच्या बंदरावरचे कोळी रोज सकाळी त्याला शिव्या देतात. मी रोज त्यांच्या बाजूने जातो, रोज ऐकतो आणि ससा ससा करत बसलो होतो. नकाशे काढून माणूस असा होतो.

बरोबर आहे का? 'हो' म्हणणं म्हणजेही नाव घेणंच, नाही का? मग असं कर, चुकलं असेल तर लिही. बरोबर असेल तर काहीच लिहू नकोस.

बिबियानने अजून शब्द दिलेला नाही. सासूबाईंनी एगोनसाठी मोजेही विणलेत. बिबियान रात्रंदिवस पोटावर हात ठेवून विचार करते. मी तिला काही बोलत नाही. बायकोचं ऐकावं म्हणतात.

एनोस


नूक, १९ जून

ताई,

उत्तर आलं नाही. हेलिकॉप्टर आलं, टपाल आलं, तुझं काही नाही. तू जन्मात पहिल्यांदा गप्प बसलीस.

मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. कळा सुरू झाल्यावर बिबियान माझा हात पिळत म्हणाली, "तुझ्या बहिणीला त्या पाण्याच्या काठावर उभी ठेवून मी माझ्या पोरीला दुसऱ्या नावाने हाक मारू शकणार नाही." मग मला एक शिवी दिली, ती लिहीत नाही.

तर ताई, ऐक. तिचं नाव सार्फाक.

लिहिलं बघ. सार्फाक, पाण्याची ओढ. आता ते आमच्या घरात आहे, उबदार आहे, दूध पितं आणि प्रचंड आवाज करतं. सासूबाई रुसू नयेत म्हणून पूर्ण नाव सार्फाक एगोन अमालिए ठेवलंय. एका पाळण्यात दोन बाप्ये आणि बिबियानची वारलेली आजी निजतात, आणि तिघंही एकदम रडतात.

पक्का नकाशा अजून छापायला गेलेला नाही. मानेवर काय घालू? अध्यक्षांना पिलाताचं काय सांगू?

एनोस


वस्तीवरून, ८ जुलै १९८४

एनोस, हे पत्र तुला नाही. पाळण्यापाशी बसून वाचून दाखव आणि मध्येमध्ये बोलू नकोस.

अहो,

कुठे होता इतके दिवस? आणि गेलात तेही थेट नूकला, माझ्या भावाच्या घरात, स्वतः काही काम न करता दूध पीत पडायला. शोभतं का?

तुमचं नाव आलं त्या दिवशी मी सगळ्यांना कॉफीला बोलावलं. सुकवलेला मासा केला, केक केला, तो बसला तरी लोकांनी खाल्ला. मग मी मधोमध उभी राहून तुमचं नाव घेतलं. सार्फाक. माझ्यामागून सगळ्यांनी घेतलं. म्हाताऱ्या आसानेने घेतलं, दुकानदाराने घेतलं, सासू उतरवली त्या घरच्यांनी घेतलं. लोक उगाच म्हणत होते, पुन्हा पुन्हा, ज्याला तुमच्याशी काम नव्हतं तोही म्हणत होता. पाद्री नव्या विजारीत आला होता. तो म्हणाला, "मी तर हेच आधी म्हणालो होतो." मी त्याला केकचा जळका तुकडा दिला. मग मी खूप रडले आणि कोणी मला गप्प केलं नाही.

आता माझ्या भावाला सांगा, मानेवर तुमचं नाव घालायचं. पोरांना मी कालपासून ओरडून सांगतेय, सार्फाकवर जाऊ नका. आणि सगळे वेळीच थांबतात. मानेच्या शेजारी जो काळा खडक वर येतो, तुमची गाडी जिथे सापडली, त्याला 'बायकोचं न ऐकणारा' राहू दे. ते नाव तुम्ही कमावलेलं आहे. अध्यक्षांना पिलात तिथेही चालेल.

मॅडम म्हातारी झाली. मी तिला तुमचं नाव सांगितलं तेव्हा तिने कान हलवले. काल ती दाराकडे पाठ करून झोपली.

तुमचा जुना अंगरखा कापून तुम्हाला नवा शिवलाय. बाह्या मोठ्या झाल्यात, वाढा तेवढं. चालायला लागलात की एनोसला म्हणा, मला पोटभरला घेऊन चल. बोरं आहेत, तुमची बायको आहे, थोडी सुरकुतलीय. पण येताना पाठीवरून यायचं. चढ असला तरी पाठीवरून, कुत्री दमली तरी पाठीवरून. या खेपेला तरी.

अहो, ऐकलंत का?

तुमची बायको,
केतुरा